हळर्ण, एकास सत्त्याऐंशी

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी घरच्या ग्रुपवर एक मिनिटाचा व्हिडिओ टाकला. बंगळूरच्या आमच्या फ्लॅटमधली दहा बाय अकराची खोली, तिच्या तीन भिंतींना लागून प्लायवूडची फळी, फळीवर रूळ. बोगद्यातून डिझेल इंजिन बाहेर येतं, मागे निळे डबे, गाडी नदीवरचा पूल ओलांडते आणि जांभ्याच्या एका पडक्या किल्ल्याला वळसा घालून दिसेनाशी होते. फलाटावर पाटी: पेडणे. तीन वर्षांचे शनिवार-रविवार या एका मिनिटात होते.

अंगठे आले, फुलं आली. चुलत भावाने इंजिन किती व्होल्टवर चालतं ते विचारलं. हळर्णच्या काकीने मात्र लिहायचा कंटाळा करून आवाजच पाठवला. "गाडी बरी धावता रे. पण आमचां घर खंय?"

मागून काकांचा आवाज ऐकू येत होता. ते हसत होते. "आनी किल्ल्याकडसून गाडी केन्ना गेली?"

दोघांचं बरोबर होतं. हळर्णच्या किल्ल्याजवळून कुठलीच रेल्वे जात नाही. कोकण रेल्वेची लाइन गावाच्या पश्चिमेला आहे. रात्री वारा तिकडून असला तर घरात भोंगा ऐकू येतो, इतकाच आमचा तिच्याशी संबंध. किल्ला मी उचलून रुळाशेजारी आणला होता, कारण त्याच्याशिवाय ते हळर्ण वाटेना. आणि घर केलं नव्हतं, कारण ते नीट आठवत नव्हतं. दुसरं कारण मी ग्रुपवर सांगितलं नाही.

हा छंद आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून थोडं सांगतो. लहान आगगाड्यांची मापं ठरलेली असतात. जगात सर्वांत जास्त चालतं ते एचओ माप, म्हणजे एकास सत्त्याऐंशी. खऱ्या वस्तूचे सत्त्याऐंशी भाग केले की त्यातला एक भाग आपला. साडेपाच फुटी माणूस जेमतेम १९ मिलिमीटरचा होतो. साठ फुटी माड एकवीस सेंटिमीटरचा. रेल्वेचा डबा पाव मीटरचा. इथपर्यंत मजा असते, अंतरं आली की रडू येतं. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर आहे. याच मापात केली तर साडेआठ किलोमीटर. पेडण्याचा बोगदा दीड किलोमीटरहून थोडा जास्त. तो माझ्या खोलीत १८ मीटर लागेल, आणि माझी लांब भिंत साडेतीन मीटरचीही नाही. कोकण रेल्वेची वळणं १२५० मीटर त्रिज्येपेक्षा अरुंद नाहीत. एकास सत्त्याऐंशीत ते वळण चौदा मीटरचं होतं. माझं वळण छप्पन्न सेंटिमीटरचं आहे. खऱ्या जगात एवढ्या वळणावर मांडवी एक्सप्रेस घातली तर पहिले दोन डबे वळतील आणि बाकीचे भातशेतीत जातील.

रुळांचीही एक गंमत आहे. एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात, युरोप-अमेरिकेच्या गेजच्या हिशेबाने. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्याला सत्त्याऐंशीने भागलं तर १९ मिलिमीटरच्या वर जातो. म्हणजे भारतातल्या बहुतेक हौशी लोकांच्या गाड्या जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद रुळांवर धावतात आणि आपण सगळे मिळून ते न दिसल्यासारखं करतो. तर खोटं बोलणं या छंदात पहिल्या दिवसापासून आहे. प्रश्न फक्त कुठलं खोटं चालतं आणि कुठलं नाही एवढाच.

माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं ते पुण्यात. कोथरूडला जोशींचं लहान रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशी नावाच्या गृहस्थांनी आयुष्यभराच्या हौशीतून ते उभं केलं आणि १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. कोकण रेल्वेही त्याच वर्षी सलग सुरू झाली, हा योगायोग मला फार नंतर लक्षात आला. लेक चार वर्षांची असताना आम्ही तिथे गेलो होतो. दिवे मंद झाले, छोट्या शहरातल्या खिडक्या उजळल्या, सिग्नल बदलले आणि एकापाठोपाठ एक गाड्या निघाल्या. लेकीने खेळ संपल्यावर विचारलं, "यात आपलं घर कुठे आहे?" मी तेव्हा हसलो होतो. हँबर्गला याच मापातलं जगातलं सगळ्यात प्रचंड प्रदर्शन आहे, २००१ मध्ये सुरू झालेलं. त्यात आल्प्स आहेत, स्कँडिनेव्हिया आहे, विमानतळसुद्धा आहे. तिथेही पेडणे नाही. मग आपणच करावं असं ठरलं.

तसे आपण देखावे करणारीच माणसं. महाराष्ट्रात दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला होतो, आमच्याकडे गोव्यात पोरं त्याच दिवसांत नरकासुर बांधतात, गणपतीच्या मागे कुणी कैलास उभा करतो, कुणी धबधबा. आमच्या शेजारच्या वाड्यावर नाताळात गोठा सजायचा, त्यातल्या मेंढ्या बघायला आम्ही रोज जायचो. माझा लेआउट म्हणजे वर्षभर न विसर्जित होणारा देखावा, एवढंच.

काकीच्या आवाजानंतर मी दोन-तीन आठवडे जुन्या फोटोंत घर शोधलं. आपल्या घराचे फोटो आपल्याकडे नसतात हे तेव्हा कळलं. लग्नाचे होते, मुंजीचे होते, सगळ्यांत माणसं आणि त्यांच्या खांद्यामागे भिंतीचा एक तुकडा. पडवीला खांब किती, चार की पाच, यावर भावाचं आणि माझं फोनवर भांडण झालं. शेवटी डिसेंबरच्या सुट्टीत लेकीला घेऊन निघालो. बॅगेत मोजणीचा टेप, वही आणि माती आणायला जाड प्लास्टिकच्या पिशव्या.

यशवंतपूरहून वास्कोची गाडी धरली. दूधसागर अंधारात गेला, लेक झोपेत होती. पहाटे मडगावला उतरलो आणि उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. तुमच्यापैकी ज्यांनी हा प्रवास फक्त विमानाने केलाय त्यांना सांगतो, मडगाव ते पेडणे हा तुकडा एकदा दिवसाउजेडी रेल्वेने करा. वेर्ण्यानंतर जुवारी, करमळीनंतर मांडवी, थिवीनंतर शापोरा. तीन नद्या, तीन पूल, आणि मध्ये खाजन शेतं, ज्यांच्या पाण्यात सकाळी बगळे असे उभे असतात की कुणीतरी गोंदाने चिकटवल्यासारखे वाटतात. लाइन बव्हंशी एकेरी, त्यामुळे समोरून गाडी असली की स्टेशनात थांबायचं. करमळीला आम्ही पंचवीस मिनिटं थांबलो. लोक वैतागले. मी खाली उतरून सांध्याचे फोटो काढले.

समोरून आली ती रो-रो. उघड्या वाघिणींवर भरलेले ट्रक, ट्रकांत ड्रायव्हर, एका ट्रकच्या सावलीत कुणीतरी वाळत घातलेली लुंगी. १९९९ पासून कोकण रेल्वे ट्रक असे गाडीवर चढवून नेते, कोलाड ते वेर्णे. घाटातलं डिझेल वाचतं आणि ड्रायव्हरला झोप मिळते. लेक म्हणाली, "बाबा, ही आपल्याकडे का नाही?" एका ट्रकाला रंग द्यायला मला दोन रविवार लागतात, म्हणून नाही. पण ती लुंगी मी वहीत लिहून ठेवली.

आणखी एक गोष्ट खिडकीतून दिसत होती आणि मी ती मुद्दाम पाहत नव्हतो. रुळांच्या कडेने विजेचे खांब आणि वर तार. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. माझ्या खोलीत मात्र डिझेल धावत होतं आणि आकाश मोकळं होतं. माझं पेडणे साधारण २००५ मधलं होतं, मी कुणाला सांगितलं नव्हतं तरी.

पेडणे स्टेशनवर उतरल्यावर लेकीला बोगदा बघायचा होता. तो स्टेशनाच्या उत्तरेला, मडुऱ्याच्या बाजूला, मालप्याच्या डोंगरात आहे. रुळावरून चालत जायला अर्थातच परवानगी नाही, म्हणून फलाटाच्या टोकावरूनच मी तिला दिशा दाखवली आणि गोष्ट सांगितली. कोकण रेल्वेचे बहुतेक बोगदे कातळातले. त्यासाठी स्वीडनहून यंत्रं आणली होती, ती दगड पोखरत पुढे जायची. पण नऊ बोगदे मऊ मातीतले निघाले आणि तिथे यंत्रांचं काही चालेना. पेडण्याचा त्यातला सगळ्यात हट्टी. डोंगराच्या पोटात पाणी धरून बसलेली चिकणमाती. थोडं खोदायचं, आधार द्यायचा, तोवर वरून चिखल खाली. पुन्हा पहिल्यापासून. बाकी मार्गावर रूळ पडले, दोन्ही बाजूंनी गाड्या यायला लागल्या आणि मध्ये हा एवढा तुकडा राहिला. २६ जानेवारी १९९८ ला पहिल्यांदा गाड्या आरपार गेल्या. कितीतरी मजुरांनी या कामात जीव गमावला, हेही तिला सांगितलं. तो डोंगर अजून शांत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याच्या आतल्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या पुणे-मिरजमार्गे फिरवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये आत पाणी उसळलं आणि पुन्हा तेच.

माझ्या खोलीतला बोगदा थर्माकोलचा आहे, त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या. एका रविवारी झाला होता.

हळर्णला पोचलो तेव्हा काका फाटकापाशी उभे होते. "पाव्हणे इले," म्हणाले, आणि लेकीकडे बघून, "ह्या बायेक कायम उपाशी ठेवतंस रे?" जेवणं झाली, आणि मोजामोजी दुसऱ्या दिवशी करू म्हणून आम्ही किल्ल्याकडे गेलो.

हळर्णचा किल्ला म्हणजे रायगड-सिंधुदुर्गासारखं काही डोळ्यांपुढे आणू नका. शापोऱ्याच्या काठी, झाडीत, जांभ्याच्या भिंती आणि बुरूज. आता डागडुजी होऊन बराच सावरलाय. आमच्या लहानपणी वेलींनी गिळला होता आणि आत जायला आजीची बंदी होती. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने जिंकला. त्याचं नाव पेद्रु मिगेल द आल्मेदा. हळर्णचा उच्चार त्यांच्या तोंडी झाला आलोर्ना. राजा त्याच्यावर एवढा खूश झाला की दोन वर्षांनी त्याला किताब मिळाला: मार्किश द आलोर्ना. म्हणजे लिस्बनच्या दरबारात एक माणूस हळर्णकर म्हणून मिरवत होता. त्याची नात लिओनोर, पुढची आलोर्नाची मार्केझा, ही पोर्तुगीज साहित्यातली नावाजलेली कवयित्री. आठ वर्षांची असताना घराण्यावर राजाचा रोष झाला आणि आईबरोबर तिला मठात डांबलं, ती सुटली ती अठरा-एकोणीस वर्षांनी. कविता तिथेच लिहायला लागली. पोर्तुगालमध्ये आलोर्ना नावाची द्राक्षमळ्याची इस्टेट आहे आणि त्या नावाची वाइन आजही बाटलीत येते. लेकीने लगेच फोनवर बाटलीचं चित्र शोधून काढलं आणि काकांना दाखवलं. काकांनी चष्मा वर करून पाहिलं. "हळर्णात आमका पाणी भरून घेवन येवचां लागता आनी थंय सोरो?" म्हणाले. (सोरो म्हणजे दारू.)

तिथे नदीच्या काठावर बसून मी वहीत रंग लिहीत होतो. डिसेंबरात शापोरा हिरवी असते, जड, काठावरच्या बांबूंची सावली धरून ठेवणारी. माझी नदी मी रेझिनची केली होती, निळी. निळा रंग कुठून आणला कोण जाणे, बहुतेक शाळेच्या नकाशातून. जांभाही चुकला होता. मी सगळ्या भिंती एकाच विटकरी रंगाने रंगवल्या होत्या. खरा चिरा ताजा कापलेला असतो तेव्हा केशरी-लाल, एक पावसाळा गेला की तपकिरी, दहा पावसाळ्यांनी काळा, आणि उत्तरेच्या बाजूने शेवाळाचा. एकाच भिंतीत चार रंग. लेक चिऱ्यांच्या भोकांत बोटं घालून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराचं माप घ्यायला सुरुवात केली. टेपचं एक टोक लेकीकडे, दुसरं माझ्याकडे. दर्शनी भिंत बेचाळीस फूट. भागाकार करून तिने सांगितलं, "साडेचौदा, पावणेपंधरा सेंटिमीटर. बाबा, आपलं घर माझ्या पट्टीपेक्षा लहान आहे." पडवीला खांब चारही नव्हते आणि पाचही नव्हते. सहा होते. घर सरळही नव्हतं. पूर्वेचा कोपरा चार बोटं खाली बसलेला, स्वयंपाकघराचं छप्पर वेगळ्या उताराचं, कारण ते मागून वाढवलेलं. सोप्याची कड आजोबांच्या बसण्याने झिजून गुळगुळीत. काका बरोबर फिरत होते आणि प्रत्येक खोलीत काहीतरी सांगत होते. हे आढं फणसाचं. हे वासे बदलले, ते राहिले, त्यांना वाळवी. माजघरात पोचलो तेव्हा सहज म्हणाले, "नीट माप घे. शिगमो झालो की मोडतलंव."

मला वाटलं पडवी. ते घराबद्दल बोलत होते.

माझं तोंड बघून काकी आत चहा करायला गेली. मी जे बोललो ते आज लिहिताना बरं वाटत नाही. जुनं घर आहे, दुरुस्त होईल, मी पैसे पाठवतो, स्लॅबची घरं गावभर झालीच आहेत, आपलं तरी राहू दे, पोरांना दाखवायला काय उरेल. काकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "तू तीन वर्सांन एकदा येतंस. पावसात बालदी माका लावची लागता."

आणि मग त्यांनी मला भिंतीचा खालचा भाग दाखवला. कमरेपर्यंत गिलावा वेगळ्या रंगाचा होता. २०१९ च्या ऑगस्टात शापोऱ्याला पूर आला, पेडणे आणि डिचोलीतल्या काठच्या गावांत पाणी शिरलं. आमच्या घरात ते दीड दिवस होतं. हे मला माहीत होतं, म्हणजे फोनवर ऐकलं होतं. भिंतीचे चिरे मातीत बसवलेले आहेत, चुन्यात किंवा सिमेंटात नाही, हे माहीत नव्हतं. माती भिजली, फुगली, वाळली, आणि आतून सैल झाली. पूर्वेचा कोपरा तेव्हा बसला. काका-काकी तेव्हापासून पावसाच्या रात्री पश्चिमेच्या खोलीत झोपतात. नवं घर चार फूट उंच जोत्यावर येणार होतं. त्याचा नकाशा त्यांनी कपाटातून काढला, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला.

काकी चहा घेऊन आली आणि माझ्या व्हिडिओबद्दल बोलली. "तुजी न्हंय बरी," म्हणाली. "कदी वर येना ना."

त्यानंतर वाद राहिलाच नाही. आम्ही उरलेला दिवस मापं घेतली, पण आता वेगळ्या जोराने. दारांची उंची, कौलांच्या ओळी, खिडक्यांचे गज, तुळशीवृंदावनाची प्रत्येक पायरी. लेकीने सगळ्या भिंतींचे फोटो काढले, प्रत्येक फोटोत माप कळावं म्हणून टेप उभा धरून. काका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले आणि आम्ही विसरत होतो ते सांगत होते. "न्हाणीचो पायप रवलो." निघताना अंगणातली दोन किलो माती घेतली. काकीने त्यातले खडे निवडून दिले, तांदूळ निवडावेत तसे.

परत आल्यावर एक अडचण उभी राहिली, आणि ती या छंदातल्या प्रत्येकाला कधी ना कधी येते: साल कोणतं? लेआउट कुठल्यातरी एका वर्षाचा असावा लागतो. २००५ धरलं तर कौलारू घर, डिझेल, मोकळं आकाश. आजचं धरलं तर स्लॅबचं घर, विजेचे खांब, आणि मोपाच्या पठारावर २०२३ पासून उतरणारी विमानंसुद्धा. मला काय हवं होतं ते उघड होतं. पण काका-काकी मार्चनंतर ज्या घरात राहणार ते माझ्या हळर्णात नसावं, हे आता जमेना. काकीने विचारलेलं "आमचां घर" तेच तर होतं.

लेकीने मार्ग काढला. घर फळीला चिकटवायचंच नाही. जागा सपाट ठेवायची, खाली दोन लहान चुंबक, आणि दोन घरं करायची. एक उचललं की दुसरं बसतं. विजेचे खांबही असेच, फळीत भोकं पाडून खोवायचे. खरे खांब साधारण पन्नास-साठ मीटरवर असतात, आपल्या मापात साठ-सत्तर सेंटिमीटर, त्यामुळे दिसणाऱ्या मार्गाला अकरा पुरले. अकरा खांब काढायला चार मिनिटं लागतात. बोगद्याच्या तोंडापासून सुरुवात करून मी ते काढतो आणि डिझेल लावतो. पुन्हा खोवायला जास्त वेळ लागतो, एखादा नेहमी वाकतो.

मातीचं सांगायलाच हवं, कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल. खरी माती आणली की काम झालं असं वाटतं, पण होत नाही. ती चहाच्या गाळणीतून, मग मलमलच्या फडक्यातून गाळावी लागते, नाहीतर प्रत्येक खडा या जगात धोंडा दिसतो. आणि आपल्याकडची जांभ्याची माती असेल तर त्यातून लोहचुंबक फिरवायलाच हवा. मी कागदावर माती पसरून चुंबक फिरवला तर काळ्या-तांबड्या कणांची मिशी उगवली. हे कण रुळावर राहिले तर इंजिनाची मोटर ते ओढून घेते आणि बंद पडते. मग फेविकॉल आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने सोडायचं. साबणाशिवाय पाण्याचे गोळे होतात आणि माती उडते. वाळल्यावर ती जरा गडद झाली. खोलीतल्या दिव्यात ऊन नसतं ना.

कौलं केकच्या खोक्याच्या आतल्या बारीक पन्हळी कागदाची केली. भिंतीचे चिरे कार्डावर कोरले, एकेक चार मिलिमीटरचा, आणि चार रंगांत रंगवले. पूर्वेचा कोपरा मुद्दाम एक मिलिमीटर खाली घेतला. नदी खरवडून काढली आणि पुन्हा ओतली, हिरवी. भिंतींवर पुराची रेषाही काढली, जेमतेम एक सेंटिमीटर उंचीवर. किल्ला तिथेच आहे, रुळाशेजारी. काका म्हणतात म्हणून हलवणार होतो, पण मागे जागाच नाही. रो-रोचे तीन ट्रक झालेत, लुंगीसकट.

नवं घर लेकीने एकटीने केलं, काकांनी पाठवलेल्या नकाशावरून. चार फुटांचं जोतं तिच्या मापात चौदा मिलिमीटर. गच्चीवर पाण्याची काळी टाकी आहे, ती तिने पेनाच्या टोपणाची केली. रंग अबोली, काकीने निवडला तोच. मला तो आवडत नाही, हे मी दोघींनाही सांगितलेलं नाही.

गणपती झाल्यावर काका-काकी पहिल्यांदाच बंगळूरला आले. नव्या घरात मे महिन्याच्या शेवटी राहायला गेले होते आणि पहिला पावसाळा कोरडा गेला होता. काकीने आधी अबोली घर बघितलं, टाकीला बोट लावलं, खूश झाली. मग लेकीने ते उचलून कौलारू घर बसवलं. मी खांब काढले. डिझेल बोगद्यातून आलं, पूल ओलांडला, किल्ल्याला वळसा घालून गेलं. काका काही बोलले नाहीत. ते वाकून पडवीचे खांब मोजत होते.

"छप्पर निघतं," लेक म्हणाली.

तिने काय केलं होतं ते मलाही माहीत नव्हतं. काकांनी दोन बोटांनी छप्पर उचललं. आत माजघराच्या जमिनीवर, बरोबर मधोमध, पेनाच्या रिफिलचा साडेतीन मिलिमीटरचा तुकडा उभा होता. निळा.

काकांनी चष्मा वर केला आणि बराच वेळ आत बघितलं.

"एक नाय गो बाये," म्हणाले. "तीन होत्यो."